हिवाळी पाहुणे शेताच्या बांधावर : दिल्ली परिसरातील पक्षिनिरीक्षण

नोव्हेंबरमध्ये दिल्लीभोवतालच्या जिल्ह्यांत गव्हाच्या पेरणीची लगबग सुरू असते. त्याच सुमारास तिबेट, मंगोलिया, मध्य आशिया आणि सायबेरिया येथून निघालेले पक्ष्यांचे थवे या प्रदेशात उतरू लागतात. मार्चमध्ये मोहरीची काढणी होते, गहू पिवळा पडू लागतो, तेव्हा यांपैकी बहुतेक पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात. रब्बीचा हंगाम आणि पक्ष्यांचा मुक्काम यांचे वेळापत्रक असे जवळजवळ एकच आहे. तरीही पक्षिनिरीक्षण हा शहरी लोकांचा, महागडे कॅमेरे परवडणाऱ्यांचा सुट्टीच्या दिवसाचा छंद, अशीच समजूत खेडोपाडी आढळते. या समजुतीत तथ्य अजिबात नाही असे नाही. परंतु पक्षी दिवसाचे चोवीस तास नेमके कोठे घालवतात हे पाहिले, तर या विषयात शेतकऱ्याचा संबंध छायाचित्रकारापेक्षा कितीतरी जवळचा आहे, हे लक्षात येते.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा विस्तार सुमारे 55 हजार चौरस किलोमीटर आहे. त्यात दिल्लीचा वाटा केवळ 1,483 चौरस किलोमीटरचा. उरलेला प्रदेश हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानमधील जिल्ह्यांचा असून तो मुख्यतः शेतीचा आहे. 2013 मध्ये भरतपूर जिल्ह्याचाही या क्षेत्रात समावेश झाला, त्यामुळे केवलादेवचे जगप्रसिद्ध अभयारण्यही आता राजधानी क्षेत्रातच मोडते. गुरुग्राम जिल्ह्यातील सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान अवघे 142 हेक्टरांचे, यमुनेवरील ओखला पक्षी अभयारण्य सुमारे 400 हेक्टरांचे, झज्जर जिल्ह्यातील भिंडावास 412 हेक्टरांचे आणि केवलादेव सुमारे 2,900 हेक्टरांचे. ही चारही ठिकाणे मिळून चाळीस चौरस किलोमीटरही भरत नाहीत. एवढ्याशा कुंपणात हिवाळी पक्ष्यांचा उदरनिर्वाह होणे शक्यच नसते. पट्टकदंब दिवसा पाण्याच्या काठाने विसावतात आणि अंधार पडू लागला की भोवतालच्या शेतांत चरायला जातात. तलवार बदक, चक्रांग यांसारखी बदकेही रात्री उथळ पाणी साठलेल्या शेतांवर उतरतात. क्रौंच भाताच्या धसकटांत सांडलेले दाणे टिपतात. पाणथळ जागा ही या पक्ष्यांची विश्रांतीची ओसरी, आणि स्वयंपाकघर बहुतांशी शेतात.

कृषी संशोधनाचे जुने नाते

पक्षी आणि शेती यांचा एकत्रित विचार ही नवी कल्पना नव्हे. बिहारमधील पुसा येथे इंपीरियल कृषी संशोधन संस्था होती, त्या काळात सी. डब्ल्यू. मेसन आणि कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासून कोणता पक्षी कोणते कीटक, कोणते धान्य आणि किती खातो याची नोंद केली. ‘द फूड ऑफ बर्ड्स इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ 1912 मध्ये कृषी विभागाच्या शास्त्रीय मालिकेत प्रसिद्ध झाला. 1934 च्या भूकंपात पुसा येथील इमारतींची हानी झाल्यानंतर ही संस्था दिल्लीत आली आणि आपल्याबरोबर ‘पुसा’ हे नावही घेऊन आली. पुढे दिल्लीतील पक्ष्यांविषयीचे पहिले सविस्तर मार्गदर्शक पुस्तक, उषा गांगुली यांचे ‘अ गाइड टू द बर्ड्स ऑफ द दिल्ली एरिया’, 1975 मध्ये प्रसिद्ध केले ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनेच. पक्ष्यांवरील पुस्तक कृषी परिषदेने का छापावे, असा प्रश्न आज कोणास पडला तर नवल नाही. त्या काळी तो फारसा पडत नसावा.

दिल्लीतील संघटित पक्षिनिरीक्षणाची सुरुवात 1950 मध्ये झाली. महात्मा गांधींचे स्नेही होरेस अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी’ स्थापन केली. इंदिरा गांधी तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी होत्या. या ओळखीचा उपयोग पुढे सुलतानपूरला झाला. संस्थेचे मानद सचिव पीटर जॅक्सन यांनी 1970 मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून या तळ्याला संरक्षण देण्याची विनंती केली आणि 1971 मध्ये ते अभयारण्य घोषित झाले.

सुलतानपूर : खाऱ्या जमिनीतील तळे

सुलतानपूरचा परिसर मुळात खारट पाण्याचा. वसाहतकाळात येथील विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करीत आणि ते फर्रुखनगरच्या बाजारातून दूरवर जात असे. पावसाळ्यात या सखल भागात पाणी साचून उथळ तळे तयार होई. पेरणीस अयोग्य ठरलेली जमीन, उथळ पाणी आणि चहूबाजूंना पिके, हा योग बदकांना व पाणकाठच्या पक्ष्यांना मानवला. 1991 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2021 मध्ये भिंडावाससह त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हरियाणातील ही पहिली दोन रामसर स्थळे.

मात्र आज येथे तळे भरते ते मुख्यतः कालव्याने सोडलेल्या पाण्यावर. पाणी किती सोडले आणि केव्हा सोडले यावर त्या हिवाळ्यातील पक्षीसंख्या अवलंबून असते. पाणी फार खोल झाले तर शेकाट्या, तुतवार, धोबी यांसारख्या काठाने चालणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. फार आटले तर बदके निघून जातात. पातळी हळूहळू उतरत जाणे आणि काठाला थोडा चिखल उघडा राहणे, ही सर्वांच्या सोयीची स्थिती. शेततळ्याच्या मालकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. अनुभवी निरीक्षक उद्यानात तास-दीड तास घालवून बाहेर पडतात आणि चंदू-बुढेडा बाजूच्या शेतरस्त्यांवर उरलेली सकाळ काढतात, याचे कारणही हेच. चंडोल, धोबी, भोवत्या आणि सारस हे पक्षी कुंपणाच्या आतपेक्षा बाहेर अधिक हमखास दिसतात.

नजफगढ : छायाचित्रातील स्वर्ग, सातबाऱ्यावरील पाणी

दिल्ली-हरियाणा सीमेवरील नजफगढ झील हे या साऱ्या प्रदेशातील सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण आहे. अरवलीतून येणाऱ्या साहिबी नदीचे पाणी येथे पसरत असे. 1964 च्या पुरानंतर नजफगढ नाला रुंद करण्यात आला, पाणी यमुनेकडे वाहून जाऊ लागले आणि झिलीची पुष्कळशी जमीन लागवडीखाली आली. अलीकडच्या दशकांत मात्र गुरुग्रामच्या वाढत्या वस्तीचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी त्याच सखल भागात साचू लागले. हिवाळ्यात येथे रोहित, पट्टकदंब, कलहंस आणि हजारोंच्या संख्येने बदके दिसतात. येथील रोहित पक्ष्यांची धुक्यातील छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात.

त्याच पाण्याखाली कोणाचे तरी शेत आहे, ही बाब त्या छायाचित्रात दिसत नाही. हरियाणाच्या बाजूच्या गावांतील शेतकरी आपली जमीन वर्षानुवर्षे पाण्याखाली राहते, पीक घेता येत नाही, म्हणून भरपाईची आणि पाणी रोखणाऱ्या बांधाची मागणी करीत आले आहेत. पक्षिप्रेमींची मागणी झिलीला पाणथळ जागा म्हणून संरक्षण मिळावे ही. राष्ट्रीय हरित लवादाने दोन्ही राज्यांना पर्यावरण व्यवस्थापन आराखडा अमलात आणण्यास सांगितले आहे. येथे कोणत्याही एका बाजूला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. शहराने आपले पाणी शुद्ध न करता सखल भागात सोडले, त्याचा भार शेतकऱ्याने वाहावा आणि त्याच्या बुडालेल्या शेताला निसर्गाचे वरदान म्हणावे, हे न्यायाचे नाही. दुसरीकडे, झील पूर्णपणे आटवली तर भूजल पुनर्भरणाची आणि पूर सामावून घेण्याची तिची क्षमताही जाईल. त्याची किंमत पुन्हा त्याच गावांना मोजावी लागेल. जमीन कायमची पाण्याखाली राहणार असेल तर तिचे रास्त मोल आधी ठरले पाहिजे. संरक्षणाची चर्चा त्यानंतर शोभते.

केवलादेवच्या म्हशी

माणसाला बाजूला सारून पक्षी वाचवता येतात का, या प्रश्नाचे उत्तर केवलादेवने फार मोठी किंमत मोजून दिले आहे. भरतपूरच्या संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी अजान बंधाऱ्याचे पाणी खळग्यात सोडून ही पाणथळ जागा विकसित केली. 1981 मध्ये ती रामसर यादीत आली, त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यान झाली आणि 1985 मध्ये तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर गुरांच्या चराईस बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी आत नेणाऱ्या भोवतालच्या गावांनी विरोध केला आणि नोव्हेंबर 1982 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली.

त्याच काळात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी येथे दीर्घकालीन अभ्यास करीत होती. म्हशी म्हणजे पाणथळीला त्रास, असाच तेव्हाच्या बहुतेक पक्षितज्ज्ञांचा समज होता. अभ्यासाचा निष्कर्ष उलटा निघाला. चराई थांबल्यावर पास्पॅलम जातीचे पाणगवत बेसुमार वाढले, उघडे पाणी झाकले गेले आणि बदकांना पोहायला, डुबकी मारायला जागा कमी पडू लागली. म्हशी ते गवत खाऊन आणि तुडवून आटोक्यात ठेवीत होत्या. पुढे गावकऱ्यांना हाताने गवत कापून नेण्यास परवानगी देण्यात आली. बंदी घालण्यापूर्वी एखाद्या वृद्ध गुराख्याला विचारले असते तर काय झाले असते, असा विचार हा इतिहास वाचताना मनात येतोच.

केवलादेवला आणखी एक धडा शेतातून मिळाला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे सारस आणि दाणे खाणारे इतर पक्षी मृतावस्थेत आढळले. भोवतालच्या शेतांत पेरणीच्या वेळी वापरलेल्या आल्ड्रिन या कीटकनाशकाने ते मेल्याचे शास्त्रीय तपासणीत सिद्ध झाले. आल्ड्रिनवर भारतात नंतर बंदी आली. तथापि बीजप्रक्रिया केलेले बियाणे उघड्यावर सांडू न देणे, उरलेले बियाणे पाणवठ्याजवळ न टाकणे, दाणेदार कीटकनाशक मातीआड करणे, या सूचना आजही तितक्याच लागू आहेत. सायबेरियन क्रौंच मात्र केवलादेवला पुन्हा दिसले नाहीत. 2001-02 च्या हिवाळ्यात आलेली जोडी शेवटची ठरली.

आज केवलादेवचे सायकलरिक्षा चालक पक्ष्यांची नावे, त्यांच्या बसण्याच्या जागा आणि वेळा प्रशिक्षित मार्गदर्शकाइतक्याच सफाईने सांगतात. पर्यटकाचा पैसा गावात राहण्याचा हा एक साधा, टिकाऊ मार्ग ठरला आहे.

धनौरी आणि सारस

गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील धनौरी गावाजवळची पाणथळ जागा गेल्या दशकभरात पक्षिनिरीक्षकांच्या नकाशावर आली. हिवाळ्यात येथे शंभराहून अधिक सारस एकत्र आल्याच्या नोंदी आहेत. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला पक्षी सहा फुटांच्या जवळ पोहोचतो. जागतिक पातळीवर तो संकटप्रवण प्रजातींत गणला जातो आणि उत्तर प्रदेशाचा तो राज्यपक्षी आहे. धनौरीला महत्त्वाचे पक्षिक्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. परंतु ही जागा अभयारण्य नाही; यमुना द्रुतगती मार्गालगतच्या नियोजित औद्योगिक विकासाच्या पट्ट्यात ती येते आणि जेवरचा विमानतळही येथून फार दूर नाही. तिला रामसर दर्जा मिळावा ही मागणी बराच काळ चर्चेत आहे.

सारसाची सारी जीवनकथा शेतकऱ्याच्या सहनशीलतेवर उभी आहे. तो हिमालय ओलांडून येणारा पाहुणा नसून येथलाच रहिवासी आहे. पावसाळ्यात भाताच्या खाचरात किंवा उथळ तळ्यात तो गवत, लव्हाळे आणि भाताची रोपे यांचा ढीग रचून घरटे करतो. साधारणतः दोन अंडी, महिनाभर उबवणी आणि त्यानंतर कित्येक महिने पिलांसह त्याच शिवारात वावर. घरट्यापुरते भाताचे थोडे नुकसान होते हे खरे. ते काही चौरस मीटरांपलीकडे क्वचितच जाते. उत्तर प्रदेशातील शेतीप्रदेशात झालेल्या दीर्घ अभ्यासांतून हेच दिसले आहे, की जेथे भातशेती, छोटी तळी आणि पाणथळ तुकडे एकमेकांत मिसळलेले आहेत आणि शेतकरी पक्ष्याला हुसकावत नाही, तेथे सारस माणसांच्या दाट वस्तीतही टिकून राहतो. ते छोटे तुकडे बुजवले की जोड्या घरटी करण्याचे सोडतात. सरकारी कागदावर अशा तुकड्यांची नोंद बहुधा पडीक जमीन अशी असते.

येथे कायद्याची एक बाजू विस्तार कार्यकर्त्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम 2017 मध्ये भातखाचरे, नदीचे पात्र, पिण्याच्या पाण्यासाठी, तसेच सिंचन, मत्स्यशेती, मीठ उत्पादन किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय यांना पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहे. शेतकऱ्याच्या दैनंदिन कामात सरकारी परवानग्यांचा अडथळा येऊ नये, या दृष्टीने हे योग्यच म्हणावे लागेल. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की पक्ष्यांच्या वापरातील पाण्याचा फार मोठा भाग या नियमांच्या छत्राबाहेर राहतो आणि त्याचे भवितव्य गावाच्या इच्छेवर अवलंबून असते.

पिकाचे नुकसान आणि पिकाचे रक्षण

पक्षी शेतात येतात म्हणजे सर्वच पिकांना लाभ होतो, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पट्टकदंबांचा थवा कोवळ्या गव्हाचे आणि हरभऱ्याचे शेंडे खुडतो; पाण्याला लागून असलेल्या शेतांत हे नुकसान जाणवते. अशा ठिकाणी संध्याकाळी व पहाटे राखण करणे, तसेच चकाकणाऱ्या परावर्तक फिती पिकावर थोड्या उंचीवर बांधणे, हे पक्ष्याला इजा न करणारे उपाय आहेत. फितीची जागा अधूनमधून बदलावी, अन्यथा पक्षी तिला सरावतात. फटाके आणि विषारी आमिषे सर्वथा टाळावीत. विषारी आमिष पक्ष्यांत भेद करीत नाही आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हाही ठरू शकतो.

उलट बाजूही तेवढीच खरी. कोतवाल, गायबगळे, साळुंक्या आणि नीलपंख हे हरभऱ्यावरील घाटे अळीचे आणि इतर किडींचे भक्षक आहेत. शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे उभारण्याची शिफारस एकात्मिक कीड व्यवस्थापनात केली जाते ती याचसाठी. भोवत्या हा शिकारी पक्षी गव्हाच्या शेतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून घिरट्या घालताना दिसतो, तेव्हा तो उंदीर आणि नाकतोडे शोधत असतो. रात्री तेच काम गव्हाणी घुबड करते. महाराष्ट्रातील ज्वारीला भोरड्यांचा उपद्रव सर्वांना ठाऊक आहे; याच भोरड्या टोळ व नाकतोडे मोठ्या प्रमाणात फस्त करतात, हे सांगणारे मात्र कमी.

कॅमेरा आणि शेताची शिस्त

दिल्लीच्या परिसरात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर धुके दाट असते. सूर्योदयानंतर तास-दोन तास काहीच स्पष्ट दिसत नाही, आणि मग अचानक मऊ, तिरपा प्रकाश मिळतो. छायाचित्रणासाठी हीच वेळ उत्तम. सूर्य पाठीशी ठेवावा, शक्य तितके खाली बसून पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर यावे आणि डोळ्यावरच लक्ष केंद्रित करावे. उडत्या बदकासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी असू नये. धुक्यात किंवा पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते, म्हणून उजेडाचे प्रमाण हाताने दुरुस्त करावे लागते. चारशे ते सहाशे मिलिमीटरची दूरभिंग आदर्श खरी, परंतु तिची किंमत एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या हप्त्याची आठवण करून देणारी असते. आठ गुणिले बेचाळीस मापाची साधी दुर्बीण आणि तिच्या नेत्रिकेला टेकवलेला मोबाइल एवढ्यावरही पक्षी ओळखता येईल असे चित्र मिळते. नोंदीच्या दृष्टीने, पंखावरील पट्टा स्पष्ट दिसणारे अंधुक छायाचित्र हे सुंदर पण अस्पष्ट ओळखीच्या छायाचित्रापेक्षा अधिक मोलाचे.

छायाचित्रकारांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी असतात आणि त्या रास्त असतात. पेरणीनंतर 21 दिवसांच्या सुमारास गव्हाला मुकुटमुळे फुटतात आणि पहिले पाणी दिले जाते. त्या ओल्या शेतातून पाच-दहा माणसे बूट घालून सारसामागे धावली तर माती घट्ट होऊन रोपे दबतात. ते नुकसान काढणीपर्यंत भरून निघत नाही. बांधावरून चालावे, शेतात पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे, मोटार शेतरस्त्यात आडवी लावू नये, या गोष्टी छंदाच्या पहिल्या धड्यात यायला हव्यात. पक्ष्याला उडवण्यासाठी खडा मारणे, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे, खाऊ टाकून विशिष्ट जागी बसवणे, हे प्रकार चांगल्या निरीक्षकांत निषिद्ध मानले जातात. थंडीत अन्न शोधण्यासाठी लागणारी शक्ती पुन्हापुन्हा उडण्यात खर्च झाली तर पक्षी अशक्त होतो. घुबडांच्या ढोलीचे आणि घरट्यांचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. ज्या गावांत निरीक्षकांची नियमित ये-जा आहे, तेथे ग्रामपंचायतीने वाहनतळ, चहा-नाश्ता आणि वाटाड्या यांची व्यवस्था केली तर शिस्तही राहते आणि उत्पन्नही मिळते. उजनी जलाशयाकाठी भिगवण परिसरातील मच्छीमार आपल्या होड्यांतून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतात, हे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे.

मेलेला पक्षी दिसला तर

कुक्कुटपालकांसाठी एक स्वतंत्र सूचना. डिसेंबर 2020 आणि जानेवारी 2021 मध्ये हिमाचल प्रदेशातील पाँग जलाशयात हजारो स्थलांतरित पक्षी मृत्युमुखी पडले. त्यांत पट्टकदंबांचे प्रमाण सर्वाधिक होते आणि निदान बर्ड फ्लूचे झाले. त्याच जानेवारीत दिल्लीच्या संजय झील येथील बदकांतही हा रोग आढळला. अशा नमुन्यांची तपासणी भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. परसातील कोंबड्या-बदकांना स्थलांतरित पक्षी उतरणाऱ्या तळ्यावर हिवाळ्यात सोडू नये, तळ्याचे पाणी त्यांना पाजू नये, आणि एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास हात न लावता पशुवैद्यकीय अधिकारी व वनविभाग यांना तत्काळ कळवावे. एखादा निरीक्षक नियमितपणे तळ्यावर जात असेल तर ही बाब सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येते.

नोंदवही

पक्षिनिरीक्षणाचे शास्त्रीय मोल नोंदीत आहे. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते आणि दिल्ली परिसरातील पाणथळ जागांवर स्वयंसेवक तिच्यात भाग घेतात. वर्षभराच्या नोंदी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर करता येतात. अशा सुमारे 30 हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींच्या आधारे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स 2023’ हा अहवाल तयार झाला. त्यात 942 प्रजातींचा विचार केला आहे. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा 338 प्रजातींपैकी 204 प्रजातींची संख्या घटलेली आढळली. घट झालेल्यांत थापट्या आणि चक्रांग ही दिल्लीत हिवाळ्यात नेहमी दिसणारी बदके आहेत, आणि दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंखही आहे. नीलपंख तारांवर आणि बांधावरील झाडांवर बसून शेतातील कीटक टिपतो. तो कमी होत आहे, ही वार्ता शेतीशी संबंधित प्रत्येकाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

नोंद कशी करावी, हे अवघड नाही. एकच तळे किंवा एकच शेतरस्ता निवडावा. पंधरवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी, किमान पंधरा मिनिटे थांबून दिसलेल्या सर्व जाती लिहाव्यात. चिमणी-कावळाही सोडू नये. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा अंदाज घ्यावा आणि त्या मापाने पुढे जावे. सोबत पाण्याची पातळी, काठावरचे पीक, जलपर्णीचे प्रमाण आणि नुकतीच झालेली फवारणी यांची एक ओळ लिहावी. पक्षिनिरीक्षक बहुधा ही शेवटची ओळ लिहीत नाहीत. ती त्यांना ठाऊकच नसते. कृषी विज्ञान केंद्राचा कार्यकर्ता किंवा शेतकरी ती सहज लिहू शकतो, आणि संशोधकाला नेमकी तीच हवी असते.

महाराष्ट्रात अशी नोंद सुरू करण्यास जागांची वाण नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. ते गोदावरीवरील सिंचन बंधाऱ्यामुळे तयार झालेले आहे. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत राज्यातील अखेरचे थोडे सारस भाताच्या बांध्यांत आणि माजी मालगुजारी तलावांवर तग धरून आहेत. तेथील स्वयंसेवक आणि शेतकरी घरट्यांवर लक्ष ठेवतात आणि दर उन्हाळ्यात गणना होते. मालगुजारी तलाव सिंचनासाठी बांधलेले, म्हणून वर उल्लेखिलेल्या नियमांच्या व्याख्येबाहेरचे. त्यांतील गाळ केव्हा काढावा, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राखावे आणि काठावरील लव्हाळ्यांचा पट्टा किती ठेवावा, हे पाणीवापर संस्था आणि ग्रामसभा ठरवतात. गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यात, पावसाळी घरट्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे आणि तलावाचा एखादा उथळ कोपरा मुद्दाम न खोदता ठेवावा, एवढा ठराव ग्रामसभेच्या वहीत एका परिच्छेदात बसतो.